इअरबड्सनी आईचा कान तपासला, पण बिघाड कुठे आहे ते सांगितलंच नाही

२०२४ च्या दिवाळीत कराडला घरी गेलो होतो, तेव्हा आईचा डावा कान मी फोनवर "तपासला". त्या उद्योगातून जे शिकलो, ते आज सांगतोय. विषय इअरबड्सचा आहे, पण खरं तर वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या कशा वाचायच्या याचा आहे. कारण अशा बातम्या आपल्या फीडवर रोज येतात आणि आपण फक्त मथळा वाचून पुढे जातो. मीही तेच केलं होतं.

आई अंगणवाडी सेविका आहे, वय ५४. फोन कायम उजव्या कानाला लावते. डाव्या बाजूने हाक मारली तर दोनदा मारावी लागते. घरात सगळ्यांना याची इतकी सवय झालीय की कुणी त्याला आजार म्हणतच नाही. "लहानपणी कान फुटायचा, तेव्हापासून जरा कमी येतं," एवढं बोलून ती विषय संपवते.

नेमकं त्याच आठवड्यात फीडवर बातमी गाजत होती : "आता इअरबड्सच होणार कानाचं मशीन!" मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझा फोन अँड्रॉइड, त्यामुळे श्रवण चाचणीचं एक फुकटचं ॲप टाकलं, माझे इअरबड्स पुसले आणि आईच्या कानात घातले. सुरुवातीला ॲपने पाच-सहा प्रश्न विचारले. कान दुखतो का, वाहतो का, चक्कर येते का. नियम आणि अटींवर आपण जसं न वाचता "मान्य" दाबतो, तसं मी "नाही, नाही, नाही" दाबत गेलो. आईला विचारलंसुद्धा नाही.

स्क्रीनवर आलेख आला. उजवा कान बरा, डावा खराब. ॲपने त्याप्रमाणे डाव्या बाजूचा आवाज वाढवला. आई टीव्हीवरची मालिका ऐकून म्हणाली, "अरे, स्वच्छ येतंय की!" मी तर खूशच झालो. इअरबड्स तिच्याकडेच ठेवून पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. कान वाहायला लागला होता.

बातमी नेमकी काय होती?

आधी ती बातमी नीट समजून घेऊ. १२ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ साठीच्या एका सॉफ्टवेअरला परवानगी दिली. हे सॉफ्टवेअर इअरबड्सना श्रवणयंत्रासारखं वापरू देतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर म्हणून मान्यता मिळालेलं हे पहिलंच. ऑक्टोबरअखेर आलेल्या अपडेटमधून ते लोकांच्या फोनवर पोचलं.

यामागे आणखी एक तारीख आहे. १७ ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत श्रवणयंत्रं दुकानातून थेट विकत घेता येऊ लागली. अट दोनच गोष्टींची : वय १८ च्या वर हवं, आणि ऐकू कमी येण्याचं प्रमाण सौम्य ते मध्यम असावं. त्याआधी तपासणी आणि तज्ज्ञांच्या फेऱ्या यात खर्च आणि वेळ जायचा, म्हणून लाखो लोक यंत्र घेतच नसत. तो अडथळा काढायचा हा प्रयत्न होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे याचा मजेशीर पुढचा भाग झाला. भारतात हे फीचर तेव्हा सुरू नव्हतं. बेंगळुरूच्या तीन तरुणांना ते आपापल्या आजीसाठी हवं होतं. त्यांनी सिग्नल अडवणारा पिंजरा तयार केला, मायक्रोवेव्ह ओव्हनची मदत घेतली आणि आजूबाजूच्या वायफायची नावं बदलून आयपॅडला आपण कॅलिफोर्नियात आहोत असं भासवलं. फीचर चालू झालं. इंजिनिअर म्हणून मला तो जुगाड फार आवडला. नातू म्हणून तर जास्तच.

११८ लोकांच्या अभ्यासाने काय सिद्ध केलं?

एफडीएने परवानगी देताना एका क्लिनिकल अभ्यासाचा आधार घेतला. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणचे ११८ लोक. त्यांना स्वतःलाच वाटत होतं की आपल्याला सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी ऐकू येतं. एका गटाने फोनच्या मदतीने स्वतःच सेटिंग केलं, दुसऱ्या गटाचं सेटिंग तज्ज्ञांनी करून दिलं. दोन्ही गटांना जाणवलेला फायदा साधारण सारखाच निघाला. गोंगाटात बोलणं समजण्याच्या चाचणीतही दोघे जवळपास बरोबरीत होते. उपकरणामुळे कुणाला इजा झाली नाही.

आता हे शांतपणे वाचा. दोन्ही गटांकडे यंत्र तेच होतं. तुलना झाली ती सेटिंग कुणी केलं याची. "इअरबड्स हे महागड्या श्रवणयंत्राइतकेच चांगले" असा निष्कर्ष यातून निघत नाही. "कुणाचाही कान इअरबड्सने सुधारतो" असा तर अजिबात नाही. निष्कर्ष एवढाच : ज्यांना सौम्य ते मध्यम त्रास आहे, त्यांनी हे सेटिंग स्वतः केलं तरी तज्ज्ञाने करून दिल्याइतपत काम होतं. हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण मथळ्यात जे होतं त्यापेक्षा ती वेगळी आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक अभ्यास म्हणजे एक टेस्ट केस असते. इनपुट काय, कशाशी तुलना, आउटपुट काय मोजलं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय "टेस्ट पास" या शब्दांना काही अर्थ नसतो. आई त्या इनपुटमध्ये बसतच नव्हती. तिचा एक कान बरा, एक जास्त खराब, आणि तोही लहानपणापासून वाहणारा.

फोन कान तपासतो म्हणजे काय करतो?

काम तसं सोपं आहे. वेगवेगळ्या उंचीचे सूर एकेका कानात वाजवायचे, २५० हर्ट्झच्या जाड सुरापासून ८००० हर्ट्झच्या बारीक सुरापर्यंत. आवाज कमी कमी करत न्यायचा. ऐकू आलं की स्क्रीनवर टॅप करायचं. सगळ्यात हळू कितीचा आवाज ऐकू आला, ते डेसिबलमध्ये नोंदवायचं. तरुण, निरोगी कानाची पातळी शून्याच्या आसपास धरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत २० पेक्षा कमी आकडा म्हणजे ठीक, २० ते ३४ म्हणजे सौम्य त्रास आणि ३५ ते ४९ म्हणजे मध्यम.

यात पहिली गोम कॅलिब्रेशनची आहे. एअरपॉड्ससारख्या ठरावीक मॉडेलवर कंपनीला माहीत असतं की अमुक सिग्नल दिला की कानात नेमका किती डेसिबल आवाज होतो. माझे ऑनलाइन सेलमध्ये घेतलेले इअरबड्स आणि एक फुकटचं ॲप, यांच्यात असला काही करार नाही. त्यामुळे स्क्रीनवरचा "४५ डेसिबल" हा आकडा दिसायला अचूक, पण प्रत्यक्षात अंदाजच.

दुसरी गोम जास्त महत्त्वाची आहे, आणि ती महागड्या इअरबड्सनाही लागू पडते. इअरबड फक्त हवेतून आवाज पाठवतो. आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो, पडदा हलतो, मागची तीन इवलीशी हाडं हलतात, आणि मग आतल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लियामध्ये, त्या हालचालीचे विजेचे संदेश होतात. ते नसेमार्फत मेंदूकडे जातात. ऐकू कमी येत असेल तर बिघाड या साखळीत कुठेही असू शकतो. नळीत मळ, पडद्याला भोक, हाडं आखडलेली, कॉक्लियातल्या पेशी मेलेल्या. इअरबड फक्त एवढंच सांगतो की शेवटी सिग्नल कमी पोचतोय.

सर्व्हर उत्तर देत नाहीये एवढं कळलं म्हणून आपण थेट सर्व्हर बदलत नाही. केबल निघाली आहे, राउटर बंद आहे की सर्व्हरच बसलाय, हे आधी बघतो. कानाच्या डॉक्टरांकडेही यासाठी एक जुनी, साधी युक्ती आहे. कानामागच्या हाडावर एक कंपन करणारी चकती ठेवतात. आवाज हाडातून थेट कॉक्लियाला पोचतो, पडदा आणि हाडांची साखळी बायपास होते. दुसऱ्या कानाने मदत करू नये म्हणून त्यात खरखर सोडतात. हवेतून कमी ऐकू येतंय पण हाडातून नीट येतंय, तर कॉक्लिया शाबूत आहे आणि अडचण वाटेत आहे. दोन्हीकडून कमी येत असेल, तर अडचण आत आहे. या दोन आकड्यांमधल्या फरकावर पुढचा सगळा निर्णय ठरतो.

आईच्या कानात काय निघालं?

कराडच्याच एका नाक-कान-घसा तज्ज्ञ मॅडमनी दुर्बिणीने कान बघितला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. पडद्याला चांगलं वाटाण्याएवढं वाटावं असं भोक दिसत होतं. मोठं करून दाखवलेलं, पण तरी पोटात गोळा आला. मशीनवरची चाचणी झाली : डाव्या कानाला हवेतून ५२ डेसिबल, हाडातून १७. म्हणजे ३५ डेसिबलचा फरक. आतला कान छान होता. पन्नास वर्षांत कुणी तो नीट बघितलाच नव्हता. लहानपणी आजीने लसूण घालून कडवलेलं तेल घातलं, मोठेपणी आईने स्वतः कापूस घातला, आणि शेवटी मी इअरबड घातला. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भोक असलेला कान कोरडा राहायला हवा. तासन्‌तास बूच लावून ठेवलं की आत ओल धरते. मशीनचं नंतर बघू, आधी हा कान कोरडा करू आणि मग पडद्याचं ऑपरेशन करायचं का ते ठरवू."

मला तेव्हा ते पहिले प्रश्न आठवले. "कान वाहतो का?" मी "नाही" दाबलं होतं. अमेरिकेच्या नियमात श्रवणयंत्राच्या खोक्यावर धोक्याच्या खुणांची यादी छापावी लागते, ती यासाठीच. गेल्या सहा महिन्यांत कानातून पाणी, पू किंवा रक्त येणं, कान दुखणं, गरगरणं, ऐकू येणं अचानक बदलणं, एकाच कानाला जास्त कमी ऐकू येणं, एकाच कानात शिट्टीसारखा आवाज येत राहणं. यातलं काहीही असेल तर यंत्र नको, आधी डॉक्टर. आईकडे यातल्या दोन खुणा होत्या. सॉफ्टवेअरने विचारलं होतं. चूक उत्तर मी दिलं होतं.

"ऑपरेशन यशस्वी" म्हणजे नक्की काय यशस्वी?

ऑपरेशनचं नाव निघालं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सक्सेस रेट किती?" बाबांनीही तोच विचारला. मॅडमनी उलटा प्रश्न केला, "तुम्ही यश कशाला म्हणता?"

पडद्याच्या ऑपरेशनमध्ये कानामागच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून भोकाच्या जागी बसवतात. यात यशाच्या किमान तीन व्याख्या होऊ शकतात. एक, बसवलेला पापुद्रा धरला आणि भोक बुजलं. दोन, कान वाहायचा थांबला. तीन, ऐकू येणं सुधारलं. पहिली गोष्ट होऊन तिसरी न होणं शक्य असतं, कारण पडद्यामागची हाडं झिजलेली असू शकतात. म्हणून एखादा "९० टक्के यश" म्हणाला तर लगेच विचारायचं : कशाचे ९० टक्के?

हा गोंधळ डॉक्टरांनाही माहीत आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने अशा ऑपरेशनचे निकाल कसे मांडायचे याचे नियम ठरवले. कुठल्या सुरांवरची सरासरी घ्यायची, हवा आणि हाड यांच्यातला फरक ऑपरेशननंतर किती उरला, आणि चाचणी किमान वर्षभराने केली का, हे सांगा असं त्यात आहे. एकच फॉरमॅट असेल तरच दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवता येतात. एपीआयचं डॉक्युमेंटेशन नसेल तर आपली काय अवस्था होते, ते आठवा.

वर्षभराची अट का? कारण पापुद्रा तिसऱ्या महिन्यात छान दिसतो आणि आठव्या महिन्यात एखाद्या सर्दीनंतर पुन्हा भोक पडू शकतं. शिवाय जे रुग्ण परत तपासणीला येतच नाहीत, त्यांचं काय झालं हे कुणालाच माहीत नसतं. १०० ऑपरेशनं झाली, ६० जण परत आले, त्यातले ५४ बरे, तर हे यश ९० टक्के की ५४ टक्के? दोन्ही आकडे खोटे नाहीत. पण छापला जातो तो पहिला. प्ले स्टोअरवर रेटिंग दिलेल्यांचीच सरासरी दिसते, ॲप वैतागून काढून टाकलेल्यांची दिसत नाही, तसंच हे.

कॉक्लियर इम्प्लांटचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून हे इम्प्लांट मिळतं, आणि त्याचं काम बघते ती आपल्या मुंबईतली, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. यात इलेक्ट्रोडची तार कॉक्लियात नीट बसली की सर्जनच्या दृष्टीने ऑपरेशन झालं. पण त्यानंतर बाहेरचा प्रोसेसर चालू करायचा, मुलाप्रमाणे त्याचं सेटिंग पुन्हापुन्हा जुळवायचं, आणि महिनोन्‌महिने बोलायला शिकवायचं. मूल "आई" म्हणालं का, शाळेत टिकलं का, हा खरा निकाल. तो ऑपरेशन थिएटरबाहेर, घरात आणि थेरपीच्या खोलीत ठरतो.

मथळा आणि अभ्यास यातलं अंतर

हे कळल्यावर मी जुन्या गाजलेल्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या. दोन सांगतो.

पहिली, २०२३ ची. "श्रवणयंत्रामुळे विसरभोळेपणा ४८ टक्क्यांनी कमी!" हा अचीव्ह नावाचा अभ्यास, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला श्रवणयंत्र आणि समुपदेशन, दुसऱ्याला आरोग्याची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी बुद्धीच्या चाचण्यांतली घसरण मोजली. सगळे ९७७ जण एकत्र धरले तर दोन गटांत ठळक फरक दिसलाच नाही. ४८ टक्के हा आकडा त्यातल्या २३८ लोकांचा आहे. हे लोक आधीपासून चालू असलेल्या हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले, आणि त्यांच्यात बुद्धी घसरण्याचा धोका मुळातच जास्त होता.

मग अभ्यास फसला का? नाही. धोका जास्त असलेल्या वृद्धांना फायदा होत असावा, हा महत्त्वाचा इशारा त्यातून मिळतो. छोट्या गटात फरक दिसायला घसरण व्हायला तरी हवी, आणि निरोगी गटात तीन वर्षांत ती फारशी झालीच नाही. पण "आजोबांना यंत्र लावा, स्मृतिभ्रंश होणार नाही" असं त्यातून म्हणता येत नाही.

दुसरी, जानेवारी २०२४ ची. "बहिरेपणावर जीन थेरपीने मात." चीनमधल्या अभ्यासात सहा मुलांच्या आतल्या कानात निरोगी जनुक सोडलं आणि पाच जणांचं ऐकणं सुधारलं. वाचून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण हे सगळे ओटोफ नावाच्या एकाच जनुकातल्या दोषाचे रुग्ण होते. जन्मजात बहिरेपणाच्या कितीतरी कारणांपैकी हे एक, आणि तेही कमी आढळणारं. आपल्या ओळखीतल्या बाळाला ते लागू आहे का, हे जनुकीय तपासणीशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तोवर इम्प्लांटचा निर्णय लांबवणं महागात पडतं, कारण भाषा शिकण्याचं वय कुणासाठी थांबत नाही.

दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या. पण त्या कुणाला लागू, हे मथळ्यात मावलं नाही.

आपल्या वयाच्या लोकांनी काय लक्षात ठेवायचं?

आपल्यापैकी बहुतेकांचे पडदे शाबूत आहेत. आपला धोका वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या १०० कोटींहून जास्त तरुणांचे कान मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोक्यात आहेत. त्यात कॉक्लियातल्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्यावर पडद्यासारखं ऑपरेशन नाही.

हिशोब असा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. पण आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास. ९० ला गेलात की आठवड्याचे साधारण ४ तास. लोकलमध्ये किंवा बसमध्ये बाहेरचा गोंगाट दाबायला आपण व्हॉल्यूम वाढवतो, तिथे हे चार तास दोन दिवसांत संपतात. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज मर्यादेत ठेवायची सेटिंग असते. आज ती शोधून चालू करा. नॉइज कॅन्सलेशन असेल तर त्याचा खरा फायदा हाच की व्हॉल्यूम कमी ठेवून चालतं.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. सकाळी उठलात आणि एका कानाने अचानक ऐकू येत नाहीये, किंवा दोन-तीन दिवसांत ते झपाट्याने कमी झालं, तर इअरबड रीसेट करून बघू नका, दुसरा फोन लावून बघू नका, "मळ असेल" म्हणून आठवडा घालवू नका. ७२ तासांच्या आत असं होणं ही कानाची इमर्जन्सी असते. स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाचे डॉक्टर गाठा आणि चाचणी करून घ्या.

आणि फोनवरच्या चाचण्या? त्या टाकाऊ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं हिअरडब्ल्यूएचओ ॲप गोंगाटात बोललेले आकडे ओळखायला लावतं. त्यात आवाज आणि गोंगाट यांचं गुणोत्तर मोजलं जातं, त्यामुळे इअरफोन कुठले यावर ते तितकंसं अवलंबून नाही. अशा चाचणीकडे तापमापकासारखं बघा. ताप आहे हे कळतं, कशामुळे आहे ते कळत नाही. आणि आईबाबांसाठी चाचणी लावून देत असाल, तर सुरुवातीचे प्रश्न त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि उत्तर त्यांचंच भरा.

हे कमी लोकांचं दुखणं नाही. बहिरेपणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदपत्रांत भारतात सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांना ऐकण्याचा लक्षणीय त्रास असल्याचा अंदाज दिलेला आहे. यातल्या सौम्य त्रास असलेल्या अनेकांना इअरबड्स खरंच उपयोगी पडतील. तालुक्याच्या गावी श्रवणतज्ज्ञ मिळणं सोपं नाही, तिथे स्वतः सेटिंग करता येणारं यंत्र म्हणजे मोठीच सोय. माझा आक्षेप त्या तंत्रज्ञानाला नाही. ज्या कानाला ऑपरेशनची गरज आहे, त्याच्यावर आवाज वाढवून पांघरूण घातलं जाऊ नये, एवढंच.

आईचं पुढे काय झालं?

औषधाने कान कोरडा झाला. सात-आठ आठवडे तो कोरडा राहतोय याची खात्री केली आणि फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेल्या आईला मी म्हटलं, "कानामागचाच पापुद्रा काढून बसवलाय." तर म्हणाली, "म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली!" तेव्हा कुठे बाबा पहिल्यांदा हसले.

मे महिन्यात चाचणी झाली. पडदा धरला होता. हवेतून आकडा ५२ वरून ३४ वर आला. हाडातला १७ तसाच. म्हणजे फरक ३५ वरून १७ वर. बाबा म्हणाले, "झालं ना यशस्वी?" मॅडम म्हणाल्या, "भोक बुजलं, कान वाहायचा थांबला. ऐकणं निम्मं सुधारलं. बाकी वर्षाच्या चाचणीला बघू." ती चाचणी येत्या फेब्रुवारीत आहे. उरलेल्या फरकासाठी यंत्र लागेल का, तेही तेव्हाच ठरेल.

परवा अंगणवाडीतून तिने व्हिडिओ कॉल केला. मागे पोरांचा दंगा चालला होता. फोन डाव्या हातात होता आणि मधेच तिने तो डाव्या कानाला लावला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी काही बोललो नाही. एकच गोष्ट केली, फेब्रुवारीच्या तारखेचा रिमाइंडर तिच्या फोनमध्ये लावून दिला. ९० टक्क्यांमधून गळून गेलेल्या ४० जणांत माझी आई नको.